पाळी कुणाची, ठेका कुणाचा?

मी संगीत शिकलेलो नाही. सुरांची चिन्हं लिहिलेला कागद माझ्या हातात दिला तर मी तो उलटा धरीन. माझे कान तयार झाले ते सूतगिरणीत, रिंगफ्रेमवर. हजारभर चात्या एकदम फिरत असतात, आणि त्यातली एक बिघडली तरी आवाजावरून कळतं. जॉबर यायच्या आधी कळतं. तेव्हा संगीताच्या समीक्षेचा परवाना माझ्याजवळ नाही म्हणून कुणी नाक मुरडणार असेल तर खुशाल मुरडावं. रसास्वाद वगैरे नावाचं लोणचं घालायला दुसरे पुष्कळ आहेत. मी जॅझ ऐकतो ते एकच प्रश्न घेऊन : या बँडमध्ये कोण कुणासाठी राबतंय? आणि जो राबतोय त्याला तोंड उघडायची पाळी येते की नाही?

प्रश्न उगाच सुचलेला नाही. मी खारेपाटणचा. नकाशात बघाल तर कणकवली तालुका, शुक नदीचा काठ, मुंबई-गोवा हमरस्त्यावरचं गाव. एकेकाळी इथं बंदर होतं. इतिहासवाले खारेपाटण म्हटलं की ताम्रपट काढतात. शके ९३०, म्हणजे इ. स. १००८ चा, शिलाहार राजा रट्टराजाचा. त्यावर राजाच्या दहा पिढ्यांचा पाढा आहे, देवासाठी दिलेल्या गावांचा हिशेब आहे. दान देणारा तांब्यावर कोरला गेला, घेणारा कोरला गेला. त्या देवापुढं वाद्य कोण वाजवायचा त्याचं नाव शोधू नका.

कारण वाजवणाऱ्याचं नाव लिहायची आपल्याकडं रीतच नाही. कुठलं वाद्य कुणी वाजवायचं हे जन्मानं ठरलेलं. सनई-चौघडा एकाचा, हलगी दुसऱ्याची, ढोल तिसऱ्याचा. घाटावर हलगी-घुमकं-कैताळ मांगाच्या गळ्यात. कोकणात शिमग्याला पालखी निघाली की पुढं ढोल पाहिजे, आणि कित्येक गावांत तो महारवाड्यानंच वाजवायचा. मेलेलं जनावर ओढायचं आम्ही, कातडं सोलायचं आम्ही, उन्हात बसून बडवायचं आम्ही. आवाज तेवढा देवाचा. आवाजाला विटाळ नाही, हाताला आहे. हे फक्त आपल्याकडं नाही. दक्षिणेत ज्या मृदंगावर कर्नाटक संगीताची मैफल उभी राहते, त्याचं कातडं कमावणारे, मृदंग घडवणारे बरेचसे दलित, त्यातले पुष्कळ ख्रिस्ती. टी. एम. कृष्णा या गायकानं २०२० साली ‘सबॅस्टियन अँड सन्स’ नावाचं पुस्तक त्यांच्यावर लिहिलं. तोवर मैफलीत त्यांचं नाव कोण घेत होतं?

माझ्या आईचा बाप, माझा आजो, ढोल वाजवायचा. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही, कुठलंही घाला, फरक पडणार नाही. वाजवायचा म्हणजे हाक आली की जायचा. घरात मर्तिक असो, ताप असो. ‘मान’ म्हणायचे त्याला. मान असा की पालखीच्या पुढं चालायचं आणि पालखीला शिवायचं नाही. १९५६ नंतर त्या वाडीनं ढोल खाली ठेवला, तो ठेवलाच. आता वाडीतली पोरं म्हणतात जयंतीला आपणच ढोल वाजवू, आणि म्हातारे म्हणतात मेलो तरी नाही. हा वाद एका वाडीचा नाही. तुम्ही जिथं काम करता तिथंही तो असणार. पोरांना वाटतं म्हातारे मागासलेले. म्हाताऱ्यांना वाटतं पोरं विसरली. आजो हयात असताना मला एवढंच म्हणाला होता, “ढोल वायट नाय रे झिला, हाक वायट.”

या एका वाक्यावर मी जॅझ ऐकायला लागलो.

आता अमेरिकेत काय झालं बघा. १७३९ साली साउथ कॅरोलायनात, स्टोनो नदीजवळ, गुलामांनी बंड केलं. झेंडा घेऊन, ढोल वाजवत ते निघाले. बंड चिरडलं. पुढच्याच वर्षी, १७४० साली, कायदा झाला : गुलामांना ढोल आणि शिंग बाळगायला बंदी. मालकाला कळलं होतं की ढोल बोलतो, आणि त्याला कळणार नाही अशा भाषेत बोलतो. म्हणजे तिथं मालकानं ढोल काढून घेतला. इथं मालकानं ढोल गळ्यात अडकवला. तिथं ढोल परत मिळवणं ही मुक्ती. इथं ढोल खाली ठेवणं ही मुक्ती. वस्तू एकच. लाकूड, कातडं, दोरी. मग मुक्ती कशात आहे? ढोलात नाही. वाजवायचं की नाही, केव्हा, कुणासाठी, आणि वाजवल्यावर आपलं म्हणणं मांडायला मिळणार की नाही, हे कोण ठरवतो त्यात आहे.

जॅझ हे या प्रश्नावर काळ्या माणसानं शोधलेलं एक उत्तर आहे असं माझं म्हणणं. पुरं उत्तर नाही. पण आपण शिकावं असं त्यात काही आहे.

न्यू ऑर्लिन्स शहरात काँगो स्क्वेअर म्हणून मैदान होतं. तिथं रविवारी गुलामांना जमायची, नाचायची, वाजवायची मुभा असे. म्हणजे ढोल तिथं तग धरून राहिला. पुढं गुलामी गेली, फौजी बँडांची पितळी वाद्यं शहरात होतीच, ती काळ्यांच्या हातात आली. मिरवणूक, नाच, मयत, सगळीकडं हे बँड. १९०० च्या सुमाराला बडी बोल्डन हा कॉर्नेटवाला तिथं गाजत होता. त्याची एकही तबकडी आज नाही. १९०७ साली तो वेड्यांच्या इस्पितळात गेला आणि १९३१ साली तिथंच मेला. जॅझची पहिली तबकडी निघाली १९१७ साली, ती कुणाची? गोऱ्यांच्या बँडची. वाचताना हसू येतं. आपल्याला ही गोष्ट ओळखीची आहे.

त्या जुन्या बँडची मांडणी समजून घ्या. पुढच्या फळीत तीन वाद्यं. कॉर्नेट किंवा ट्रम्पेट मुख्य चाल धरतो, सरळ, खणखणीत. क्लॅरिनेट त्याच्या वरच्या पट्टीत वेलीसारखं फिरतं. ट्रॉम्बोन खाली, नळी मागंपुढं सरकवत, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत येतं आणि पुढच्या सुराला वाट करून देतं. तिघं एकदम बोलतात तरी गोंधळ होत नाही, कारण प्रत्येकाची उंची वेगळी. मागच्या फळीत ठेक्याची माणसं : ड्रम, ट्यूबा किंवा डबल बेस, बँजो, पियानो. ड्रम काळ मोजतो. बेस पाया घालतो, कुठल्या सुरावर उभं राहायचं ते सांगतो. बँजो आणि पियानो मधला गिलावा. म्हणजे गिरणीच झाली म्हणा. ब्लोरूम, कार्डिंग, सिम्प्लेक्स, रिंगफ्रेम, वाइंडिंग. एक खातं बंद पडलं की पुढचं सूत तुटतं.

इथवर श्रमाची विभागणी झाली. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिभेद निर्मूलना’त जे दाखवून दिलं ते इथं आठवा : जात ही श्रमाची विभागणी नव्हे, श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेली. आता कसोटी लावू. जॅझमधली ही पुढची फळी आणि मागची फळी कुठल्या प्रकारची?

सुरुवातीला उतरंड होतीच. १९२३ साली किंग ऑलिव्हरच्या बँडनं तबकड्या भरल्या. दोन कॉर्नेट, एक ऑलिव्हरचं, दुसरं बावीस वर्षांच्या लुई आर्मस्ट्राँगचं. तेव्हा माईक नव्हता, भोंग्यासमोर उभं राहून वाजवायचं आणि सुई मेणावर रेघ ओढायची. मोठा ड्रम जोरात वाजला की सुई उडायची. म्हणून बेबी डॉड्ससारख्या ड्रमवाल्याला लाकडी ठोकळ्यांवर टकटक करून भागवावं लागलं. ज्याच्या जिवावर बँड चालायचा त्याचाच आवाज तबकडीत नाही. यंत्रानंसुद्धा पंक्ती लावल्या, बघा.

पण ही उतरंड टिकली नाही. जॅझचा इतिहास म्हणजे मागच्या फळीतल्यांनी एकेक करून पुढं यायचा इतिहास आहे. मी तरी तो असाच ऐकतो.

आधी आर्मस्ट्राँग. १९२५ नंतरच्या त्याच्या तबकड्यांत सगळ्यांनी मिळून बोलायच्या जागी एकेकाची पाळी ठळक झाली. मूळ चाल वाजवायची, मग एकेकानं त्या चालीवर स्वतःचं काही रचायचं, तिथल्या तिथं, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून चालीवर परत यायचं. हा ‘पाळी’ शब्द मी गिरणीतला वापरतोय. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. फरक एवढाच की गिरणीतल्या पाळीत मशीन बोलतं आणि आपण गप्प असतो.

मग बेस. डबल बेस म्हणजे माणसापेक्षा उंच वाद्य, कोपऱ्यात उभं, हमालासारखं. चार ठोके, पुन्हा चार ठोके. १९३९ साली ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये जिमी ब्लँटन नावाचा पोरगा आला. त्यानं बेसवर बोलायला सुरुवात केली. एलिंग्टननं त्याला दाबलं नाही, उलट १९४० साली ‘जॅक द बेअर’ ही रचना अशी बांधली की बेस पुढं यावा आणि आख्खा बँड त्याच्या मागं उभा राहावा. हमालानं ओझं खाली ठेवलं आणि भाषण केलं. १९४२ साली क्षयानं ब्लँटन गेला, वय तेवीस. क्षय. गिरणगावात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नसे.

मग ड्रम. काउंट बासीच्या बँडमधल्या जो जोन्सनं ठेका पायाखालच्या मोठ्या ड्रमवरून उचलून हाय-हॅटच्या झांजांवर नेला. १९४० च्या दशकात केनी क्लार्कनं तो मोठ्या थाळीवर नेला. त्यामुळं काय झालं? पाय आणि डावा हात मोकळे झाले. काळ मोजायचं काम थाळी करणार, आणि ड्रमवाला मध्येच ठोका टाकून दुसऱ्याच्या बोलण्याला उत्तर देणार. पुढं तर चार मात्रांचे चार गट सॅक्सोफोनचे, तेवढेच ड्रमचे, असा सवाल-जवाब रूढ झाला. तमाशातला सवाल-जवाब आपल्याला ठाऊक आहे. पण इथं सवाल टाकणारा सूर आणि जवाब देणारा ढोल, दोघं बरोबरीचे.

आणि सॅक्सोफोन. बेल्जियमच्या अॅडॉल्फ सॅक्सनं १८४६ साली त्याचं पेटंट घेतलं, फौजी बँडसाठी म्हणून. राजाच्या पलटणीपुढं चालायला जन्मलेलं वाद्य. त्यात कोलमन हॉकिन्सनं, चार्ली पार्करनं, जॉन कोल्ट्रेननं काय भरलं? १९६३ च्या सप्टेंबरात बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी बॉम्ब ठेवला, चार काळ्या मुली मेल्या. त्यानंतर दोन महिन्यांत कोल्ट्रेननं ‘अलाबामा’ वाजवलं. शब्द एकही नाही. ऐकून बघा, बाई मयताजवळ बसून बोलते तसं वाद्य बोलतं. वाद्याला जन्मजात धर्म नसतो याचा याहून पुरावा काय पाहिजे?

आता हेही ऐका, नाहीतर आपण सगळेच पुढं धावायला लागू. बासीच्या बँडमध्ये फ्रेडी ग्रीन म्हणून गिटारवाला होता. १९३७ साली आला, १९८७ साली मरेपर्यंत त्याच बँडमध्ये. पन्नास वर्षांत त्यानं एकट्याची पाळी जवळजवळ घेतलीच नाही. विजेची गिटारही घेतली नाही. चार ठोके, हळू, बरोबर जागेवर. लोक म्हणतात तो ऐकू येत नाही, पण तो थांबला तर बँड कोसळेल. हा माणूस माझ्या आज्यासारखाच आयुष्यभर ठेका धरून होता. मग फरक काय? ग्रीननं ठेका निवडला होता. त्याला पगार होता, तबकडीवर नाव होतं, आणि उद्या सोडून जायची मोकळीक होती. मागच्या फळीत उभं राहणं हा अपमान नाही. तिथंच मरायचं असं दुसऱ्यानं ठरवणं हा अपमान आहे.

आपल्या शाहिरीशी ताडून बघा. शाहीर पुढं, झीलकरी मागं. झीलकरी ‘जी जी रं जी’ करत आयुष्य काढतो. जॅझमध्ये पियानोवाला दुसऱ्याच्या पाळीत मध्येमध्ये सूर टाकतो, ती झीलच. पण पुढच्या मिनिटाला पियानोची पाळी येते, आणि मघाचा ट्रम्पेटवाला गप्प उभा राहून ऐकतो. शाहीर झीलकरी होतो. आपल्या फडात हे मी कधी पाहिलं नाही. समतेचं गाणं गाणाऱ्या फडातसुद्धा नाही.

बायांचं काय? तिथंही खोट आहे, लपवू नका. ऑलिव्हरच्या बँडमध्ये पियानोवर लिल हार्डिन होती. पियानोवर बाई चालायची, कारण पियानो घरातलं वाद्य. फुंकायची वाद्यं आणि ड्रम बाप्यांचे. मेल्बा लिस्टननं ट्रॉम्बोन हातात घेतलं आणि १९५६ साली डिझी गिलेस्पीच्या बँडमधून परदेश दौरा केला, पण अशा बोटावर मोजण्याइतक्या. आपल्या जयंतीच्या गायन पार्टीत बाई गायला चालते. ढोलकीवर किती पाहिल्या?

आता एका तबकडीवर थोडं थांबतो, कारण वाद्यांची कामं आणि राजकारण दोन्ही तीत एकत्र आहेत. १९६० ची मॅक्स रोचची ‘वुई इन्सिस्ट!’. रोच ड्रमवाला. म्हणजे बँडचा पुढारी मागच्या फळीतला. वेष्टणावर फोटो : खानावळीच्या फळीपुढं तीन काळी माणसं बसलीत, पलीकडं गोरा वाढपी. त्या वर्षी काळी पोरं गोऱ्यांच्या खानावळीत जाऊन बसत होती, मार खात होती, उठत नव्हती. महाडचं तळं आठवा, १९२७. पहिलं गाणं मुकादमावर आहे, गुलामांवर चाबूक धरणाऱ्या. अॅबी लिंकन गाते, आणि प्रत्येक फेरीच्या पहिल्या मात्रेवर एक कोरडा ठोका पडतो. चाबूक. मोजून पाच मात्रांचा ठेका, त्यामुळं पाय अडखळतो, सवयीनं नाचता येत नाही. मग हॉकिन्सचा सॅक्सोफोन येतो, जुना, खरबरीत, पन्नाशी उलटलेला माणूस पोरांच्या बरोबरीनं उभा. पुढं एका तुकड्यात नुसता ड्रम आणि नुसता बाईचा आवाज. सूर धरणारं वाद्य नाहीच. ती आधी गुणगुणते, मग किंचाळते, मग शांत होते. ज्या ड्रमला १९२३ साली भोंग्यासमोर उभं राहायची परवानगी नव्हती, तो १९६० साली एका बाईच्या किंचाळीला एकटा साथ देतोय. सदतीस वर्षं लागली.

पण मी जॅझची आरती ओवाळायला बसलेलो नाही. काही लोक म्हणतात जॅझ म्हणजे लोकशाही. सावकाश. मंचावर लोकशाही होती, मंच कुणाच्या मालकीचा होता? एलिंग्टन १९२७ पासून हार्लेमच्या कॉटन क्लबात वाजवत होता. वाजवणारे काळे, नाचणारे काळे, ऐकायला बसणारे फक्त गोरे. चार्ल्स मिंगसनं १९५९ साली आर्कान्साच्या वर्णद्वेष्ट्या गव्हर्नराची टर उडवणारी ‘फेबल्स ऑफ फॉबस’ केली. मोठ्या कंपनीच्या तबकडीत वाद्यं वाजली, शब्द नाहीत. शब्दांसकट ती १९६० साली दुसऱ्या, छोट्या कंपनीकडून निघाली. वाद्य चालतं, जीभ नको. पालखीपुढच्या ढोलाचा आणि याचा नातेसंबंध कळतोय ना?

आता घरी येऊ. आमच्या खारेपाटणवरून रस्ता एका बाजूला मुंबईला जातो, दुसऱ्या बाजूला गोव्याला. जॅझ या दोन टोकांना होतं आणि आमच्या मात्र डोक्यावरून गेलं. १९३५ साली लिऑन अॅबी हा काळा व्हायोलिनवाला आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. मागोमाग क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड आले. वेदरफर्ड तर १९४५ साली कलकत्त्यात कॉलऱ्यानं मेला. त्यांच्या शेजारी बसून गोव्याच्या पोरांनी हे संगीत उचललं. चर्चच्या शाळांत त्यांना सुरांची लिपी आणि व्हायोलिन शिकवलेलं होतं. त्यातला आंतोनियो झेवियर वाझ, नाव घेतलं चिक चॉकलेट. ट्रम्पेट वाजवायचा, लोक त्याला भारताचा आर्मस्ट्राँग म्हणत. फ्रँक फर्नांड, सबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, किती नावं.

तेव्हाची सोय बघा. ताजमध्ये राजेरजवाडे आणि साहेब नाचणार, गोव्याचा माणूस वाजवणार, आणि चार मैलांवर गिरणीचा भोंगा होणार. स्वातंत्र्यानंतर साहेब गेले, मुंबईत दारूबंदी आली, नाचघरं ओस पडायला लागली. हे वाजवणारे हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत गेले. सी. रामचंद्रांच्या १९५१ च्या ‘अलबेला’त चिक चॉकलेट पडद्यावरही दिसतो. सिनेमाच्या संगीतात पितळी वाद्यांचा जो भरणा आहे तो या लोकांचा. कुठल्या जागी कुठलं वाद्य, किती सुरांत, हे कागदावर लिहून देणारे अरेंजर बरेचसे हेच. पण पडद्यावर नाव संगीतकाराचं. यांचं आलंच तर ‘सहाय्यक’ म्हणून. बाकीचे पन्नास-साठ वाजवणारे म्हणजे नुसता ‘ऑर्केस्ट्रा’. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त अँथनी गोन्साल्विसचं नाव गाण्यात आलं, देशभर पोराटोरांच्या तोंडी झालं. प्यारेलालनं आपल्या व्हायोलिनच्या गुरूचं नाव घातलं होतं. असा माणूस खरोखरच आहे, व्हायोलिन शिकवतो, सिंफनी रचतो, हे किती जणांना कळलं? नाव गाजलं आणि माणूस झाकलेलाच राहिला.

याहून मोठी गोष्ट वाद्यांची झाली. जॅझमधून आलेली वाद्यं सिनेमात आली तेव्हा त्यांची पाळी गेली. दहा सेकंदांचा तुकडा, लिहून दिलेला, वाजवून मोकळं व्हायचं. आणि प्रत्येक वाद्याला कायमचं काम चिकटलं. सॅक्सोफोन वाजला की बाई वाईट चालीची किंवा नायक प्यालेला. ट्रम्पेट म्हणजे क्लब. व्हायोलिनांचा ताफा म्हणजे रडणं. सनई म्हणजे लग्न. ढोलकी म्हणजे पदर खोचलेली नाचणारीण. न्यू ऑर्लिन्सच्या वाद्यांनी पन्नास वर्षं झगडून जे मोडलं ते आपण परत बांधलं. वाद्य बोटीनं आलं, पण ज्या रीतीनं ते माणसाला बोलू देतं ती रीत धक्क्यावर उतरू दिली नाही. वाद्यांनासुद्धा जात लावली. या देशात दुसरं काय होणार?

एक गंमत सांगतो, बेंजोची. आपल्या जयंतीला, लग्नाला, गणपतीला जी बेंजो पार्टी येते तिचा बेंजो कुठून आला? ते टाइपरायटरसारख्या बटणांचं वाद्य जपानी वाद्यावरून आलंय. नागोयात १९१२ साली निघालेलं ताइशोगोतो. आपल्याकडं ते बुलबुलतरंग झालं, आणि बोलताना बेंजो. पण हा बेंजो शब्द मूळचा काळ्या गुलामांच्या वाद्याचा. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांनी अमेरिकेच्या मळ्यांवर भोपळ्याला कातडं ताणून, तारा लावून बनवलेलं. आर्मस्ट्राँगच्या पहिल्या बँडमध्ये जॉनी सेंट सीर बँजोवर ठेका धरायचा. त्यांच्या मळ्यावरलं नाव, जपानी बटणं, आणि चैत्राच्या उन्हात आपली पोरं ते टेम्पोवर वाजवतात. गोऱ्यांच्या नाचघरांत बँजो मागच्या फळीत राहिला, नंतर गिटारनं त्याला बाहेर काढलं. आपल्याकडं हा नावभाऊ थेट पुढच्या फळीत, गाण्याची चाल तोच वाजवतो. वाद्याचं काम बदलता येतं हे आपल्याला कुणी अमेरिकेतून येऊन शिकवायला नको. आपण ते करूनही बसलोय, फक्त त्याचा विचार केला नाही.

तसंच जलशांचं. भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्यासारख्या जलसाकारांनी १९३० च्या दशकात तमाशाचाच साज उचलला. ढोलकी, डफ, तुणतुणं, झांज. ज्या वाद्यांना गावानं नाचवलं त्याच वाद्यांवर त्यांनी मुक्तीचा मजकूर चढवला. म्हणजे वाद्य टाकून देणारे म्हातारे बरोबर, आणि वाद्य उचलणारे जलसाकारही बरोबर. दोघांनी एकच काम केलं : हाक मोडली. तामिळनाडूत परई हा मर्तिकापुढं वाजवायला लावलेला ढोल दलित चळवळीनं स्वतःच्या मोर्च्यांत आणला, आणि पुढं पा. रंजित यांच्या पुढाकारानं चेन्नईत ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ हा बँड उभा राहिला. तिथं परई, गाना, गिटार, ड्रम एका मंचावर आहेत. परईवाला तिथं कुणाच्या मढ्यापुढं चालत नाही.

तेव्हा वाडीतल्या पोरांनो, म्हाताऱ्यांना मागासलेले म्हणू नका. त्यांनी ढोल खाली ठेवला तो निकाल होता. तुम्ही उचलणार असाल तर नवा निकाल देऊन उचला. गावानं पालखीला बोलावलं तर जायचं नाही. पैसे देतो म्हणाले तरी ‘मान’ म्हणून जायचं नाही. जयंतीला उचलायचा तर ज्याला यायचं तो येईल, ज्याला नको तो घरी बसेल, आणि त्याला कुणी हाक मारायची नाही. आणि पोरीला वाजवायचा असेल तर तिच्या गळ्यात अडकवा. एवढं जमत नसेल तर ढोल आहे तिथंच बरा.

शेवटी आपल्या लिहिण्याबद्दल. आपल्या अंकातल्या कविता एकापाठोपाठ एक वाचल्या की मला सगळे ट्रम्पेट ऐकू येतात. सगळे पुढच्या फळीत, सगळे वरच्या पट्टीत, सगळ्यांची पाळी एकदम. माझ्याही कविता धरून बोलतोय. बेस कोण धरणार? अंकाचे कागद कोण आणतो, शाई कोण लावतो, वर्गणीला कोण फिरतो, अभ्यासिकेचं कुलूप रोज कोण उघडतो? ती माणसं कुठल्याच कवितेत नाहीत आणि कुठल्याच भाषणात नाहीत. त्यांना आपण ‘कार्यकर्ते’ म्हणतो, सिनेमावाले ‘ऑर्केस्ट्रा’ म्हणतात तसं. चळवळीला ठेका लागतो, आणि ठेका धरणाऱ्याला पाळी लागते. यातलं एक आपण विसरलो की उरतो तो एका पुढाऱ्याचा बँड, आणि तो मोडायला वेळ लागत नाही. आपण मोडलेले पाहिलेत.

पुढच्या जयंतीला एवढं करून बघा. माईकवर नावं घेताना ढोलकीवाल्यापासून सुरुवात करा, गायकाचं शेवटी. गाणं अर्ध्यावर आलं की गायकानं दोन पावलं मागं सरावं आणि झील धरावी. ढोलकीला पाळी द्या, बेंजोला द्या, झांज वाजवणाऱ्या पोरालाही द्या. त्याला काय म्हणायचंय ते त्याला म्हणू द्या, चुकला तरी चालेल. तोवर गायकानं गप्प उभं राहून ऐकावं.